मधुमेहात मेथी, आवळा, जांभूळ: सुरुवात कशी करायची, मोजायचं कसं, थांबायचं कधी

ठाण्यात एका औषधाच्या दुकानात मी २७ वर्षं काउंटरवर उभी होते. मधुमेहाच्या गोळ्या पिशवीत टाकताना गिऱ्हाईक हमखास आवाज खाली आणून विचारायचं, "ताई, कारल्याचा रस सुरू केलाय, आता ही गोळी कमी करू का?" मागे रांग असायची, दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं व्हावं लागायचं. ते अर्धवट राहिलेलं उत्तर आज सविस्तर लिहिते आहे.

लिहिण्याचं खरं कारण मात्र माझ्या घरातलं आहे. दहाएक वर्षांपूर्वी आईला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू होती. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून तिने महिनाभर रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस घ्यायला सुरुवात केली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी संकष्टी होती. तिने गोळी घेतली, रस घेतला आणि नाश्ता सोडला. साडेअकराला मी दुकानातून फोन केला तर तिचं बोलणं अडखळत होतं. घरी धावत पोचले तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती. पदर घामाने भिजला होता. गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपलं होतं आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ७६ झाली, मग केळं दिलं, कारण अशातही उपास मोडायला ती तयार नव्हती.

त्या दिवसापासून मी एक नियम धरला आहे. जी वनस्पती साखर खरोखर खाली आणते ती औषध आहे. ती मोजून घ्यायची, वहीत लिहायची आणि डॉक्टरांना सांगायची. पुढचं सगळं याच नियमावर उभं आहे.

आधी शरीरातला गंज समजून घ्या

वांगं चिरून पाण्यात टाकायला विसरलं की फोडी काळ्या पडतात. लिंबू पिळलं तर त्या उशिरा काळवंडतात, कारण लिंबाचा आंबटपणा आणि 'क' जीवनसत्त्व आड येतं. हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी ही क्रिया म्हणजे ऑक्सिडीकरण, एक प्रकारचा गंजच, आणि ती अडवणारं द्रव्य म्हणजे अँटीऑक्सिडंट.

शरीरातही अशी क्रिया अखंड चालू असते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात साखरेपासून ऊर्जा तयार होते, आणि होता होता थोड्या ठिणग्या उडतात. सुपरऑक्साइडसारखे हे अस्थिर रेणू म्हणजे फ्री रॅडिकल. ते विझवायला पेशीकडे ग्लुटाथायोनसारखी स्वतःची सोय असते. रक्तातली साखर वाढली की शरीरातल्या बऱ्याच पेशी आत येणाऱ्या साखरेला आवर घालतात. डोळ्याच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडातल्या, नसांमधल्या आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या काही पेशींना मात्र ते जमत नाही. बाहेर जितकी साखर, तितकी आत. ठिणग्या वाढतात, ग्लुटाथायोन पुरं पडत नाही. मधुमेहात डोळे, किडनी, नसा आणि हृदय यांनाच फटका का बसतो, याचं मोठं उत्तर इथे आहे. मायकेल ब्राउनली या अमेरिकी संशोधकाने २००४ च्या आपल्या बँटिंग व्याख्यानात (मधुमेह-संशोधनातलं मानाचं व्याख्यान) ही मांडणी केली होती.

मग अँटीऑक्सिडंटच्या गोळ्याच का खाऊ नयेत? तेही करून झालं आहे. 'होप' नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या ९ हजारांहून जास्त लोकांना, त्यात बरेच मधुमेही होते, रोज ४०० युनिट 'ई' जीवनसत्त्व किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी काही वर्षं दिली गेली. निकाल २००० मध्ये आला: हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू यांत काही फरक पडला नाही. ठिणग्या उडवणारी भट्टी तशीच ठेवून वरून पाणी शिंपडल्यासारखं ते झालं.

भट्टी म्हणजे काय, तर जेवणानंतर चढणारी साखर. २००६ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात साखरेच्या सतत वर-खाली होण्याचा ऑक्सिडीकरणाच्या खुणांशी जवळचा संबंध दिसला होता. म्हणून वनस्पती निवडताना मी दोन प्रश्न विचारते. जेवणानंतरची चढण ही कमी करते का? आणि हिच्यात रंगाची, तुरटपणाची, कडवटपणाची द्रव्यं, म्हणजे पॉलिफिनॉल, आहेत का? मेथी, आवळा, जांभूळ आणि कारलं यांना मी जवळ करते ते यामुळेच. पॉलिफिनॉल रक्तात फार कमी शोषले जातात आणि त्यांचं बरंचसं काम आतड्यातच होतं, म्हणून ती जेवणासोबत घेण्यात अर्थ आहे.

पहिली पायरी: वही, ग्लुकोमीटर आणि तीन तपासण्या

काहीही सुरू करण्याआधी एक आठवडा नुसतं मोजा. चार दिवस सकाळी उपाशीपोटी, आणि चार वेळा जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी. पुढे काय खाल्लं होतं ते लिहा. "जेवण" एवढंच लिहू नका, "दोन पोळ्या, मटकीची उसळ, वाटीभर भात" असं लिहा. बहुतेक मधुमेहींसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली हे लक्ष्य धरतात. वयस्कर माणसांसाठी किंवा ज्यांची साखर वारंवार खाली घसरते त्यांच्यासाठी डॉक्टर ते सैल ठेवतात.

लॅबमध्ये तीन गोष्टी करून घ्या: एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि एसजीपीटी. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं प्रमाण. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. रक्त कमी असेल तर तो फसवू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही पाहून घ्या. क्रिएटिनिन किडनीसाठी आणि एसजीपीटी यकृतासाठी. काही काढे आणि अर्क यकृताला त्रास देतात, आणि आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरी पायरी: आपली गोळी ओळखा

ही पायरी वगळणारे मी सगळ्यात जास्त पाहिले. गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीने दिलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं, त्याखाली बारीक अक्षरात खरं औषध लिहिलेलं असतं. ते वाचा. दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

त्यात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, किंवा तुम्ही इन्शुलिन घेत असाल, तर तुमची साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे न पाहता स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेतात. त्यावर कारल्याचा रस किंवा गुडमार ही साखर उतरवणारी वनस्पती म्हणजे एका औषधावर दुसरं औषध. नुसतं मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातली गोळी असेल तर ही भीती बरीच कमी असते, पण डॉक्टरांना सांगायचं तेव्हाही टाळू नका. इन्शुलिन कोणत्याही पानाफळासाठी स्वतःहून बंद करू नका. टाइप १ च्या रुग्णाच्या जिवावर ते काही दिवसांतच बेततं.

"इंग्रजी गोळी नको, झाडपाला द्या" म्हणणाऱ्यांना मी मेटफॉर्मिनची गोष्ट सांगायचे. युरोपात गॅलेगा नावाचं एक रोप आहे. त्यात गॅलेगीन हे साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, पण ते विषारी निघालं. त्याच जातकुळीतली सुरक्षित द्रव्यं शोधता शोधता मेटफॉर्मिन मिळालं आणि १९५७ मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहात वापरून दाखवलं. ती पांढरी गोळी झाडाच्याच घराण्यातली आहे, फक्त तिची मात्रा ठाऊक आहे.

तिसरी पायरी: एका वेळी एकच, आणि सुरुवात मेथीने

आठ वनस्पतींची एकत्र पावडर बाजारात मिळते. घेऊ नका. फायदा झाला तरी कशाने ते कळत नाही, आणि त्रास झाला तर काय थांबवायचं तेही कळत नाही.

मेथीपासून सुरू करा म्हणते, कारण तिच्यावर आपल्याच देशात, आपल्याच जेवणात काम झालं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९८० च्या दशकापासून मधुमेहींना जेवणातून मेथीदाण्यांची पूड देऊन अभ्यास केले, आणि दिवसाला २५ ते ५० ग्रॅम मेथी विभागून घ्यायचा सल्ला दिला. मेथीत गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट तंतू आहे. रात्री दाणे भिजवले की सकाळी बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो तो हाच. पोटात तो अन्नाभोवती जाळं धरतो आणि साखर रक्तात सावकाश जाते. शिवाय ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसीन हे एक वेगळं अमिनो आम्ल तिच्यात आहे, जे इन्शुलिनच्या कामाला हातभार लावतं असं प्रयोगांत दिसलं आहे. पॉलिफिनॉल आहेतच.

आता मात्रा. माझ्या काट्यावर चहाचा सपाट चमचा मेथीदाणे सुमारे ४ ग्रॅम भरतात. म्हणजे २५ ग्रॅमला सहा चमचे. पहिल्याच दिवशी एवढे खाल्लेत तर पोट डब्बं होईल आणि तुम्ही मेथीचं नाव टाकाल. म्हणून असं करा. पहिला आठवडा एक चमचा दाणे रात्री पाऊण वाटी पाण्यात भिजवा, सकाळी दाणे चावून खा आणि पाणीही प्या. ते पाणी टाकून नुसते दाणे खाणारे आणि दाणे टाकून नुसतं पाणी पिणारे असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. तंतू दाण्यात आहे, तेव्हा नुसत्या पाण्यावर भागवू नका. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या जेवणाआधी आणखी एक चमचा. तिसऱ्या आठवड्यापासून कणकेत घाला: दाणे मंद आचेवर फक्त वास सुटेपर्यंत भाजायचे, तांबूस होऊ द्यायचे नाहीत (जास्त कडू होतात), गार झाल्यावर मिक्सरमधून बारीक करायचे आणि वाटीभर कणकेला दोन चमचे पूड. पोळीला किंचित कडवट झाक येते. आमच्याकडे ती थालीपिठाच्या भाजणीत खपून जाते, नातवंडांना कळतही नाही. ज्यांना झेपतं ते महिनाभरात चार-सहा चमच्यांवर येतात. दोन-तीन चमच्यांवर थांबलात तरी चालेल.

घामाला आणि लघवीला मेथीचा गोडसर वास येऊ लागला तर घाबरू नका, ते मेथीतल्याच एका द्रव्यामुळे होतं. थायरॉईडची किंवा दुसरी कुठली गोळी आणि मेथी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, चिकट तंतू गोळीचं शोषण लांबवू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात औषधी मात्रेत नकोच, भाजीपुरती ठीक. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून.

आवळा आणि हळद

आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी प्रमेहावर, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांवर, ही जोडी सांगितली आहे, वैद्य तिला निशा-आमलकी म्हणतात. आवळ्यात 'क' जीवनसत्त्व तर भरपूर आहेच, त्याचा तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो तीही जोरकस अँटीऑक्सिडंट आहेत. हळदीतल्या कुरकुमिनची एक चाचणी थायलंडमध्ये झाली, निकाल २०१२ चा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० लोकांपैकी निम्म्यांना नऊ महिने कुरकुमिनच्या कॅप्सूल दिल्या. रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांतले १६.४ टक्के लोक मधुमेही झाले, कुरकुमिनवाल्यांत एकही नाही. आकडा छाती फुगवणारा आहे, पण चाचणी एकाच ठिकाणची, आणि कॅप्सूलमध्ये कुरकुमिनचा अर्क होता. साध्या हळदीत कुरकुमिन साधारण ३ टक्केच असतं. तेवढी मात्रा भाजीच्या फोडणीतून पोटात जाणार नाही. आणि अर्काच्या कॅप्सूल मी सुचवत नाही, कारण त्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत.

म्हणून हे जेवणातच बसवा. कार्तिकापासून माघापर्यंत ताजे आवळे मिळतात. एक मोठा आवळा किसा, त्यात पाव चमचा हळद, चिमूट मिरपूड, मीठ आणि वर जिऱ्याची तेलातली फोडणी. मिरपूड विसरू नका: बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिरीतल्या पायपरिनमुळे कुरकुमिनचं शोषण २० पट वाढतं. ही चटणीवजा कोशिंबीर जेवणाच्या सुरुवातीला घ्या. एरवी वाळवलेल्या आवळकाठीची पूड अर्धा चमचा. मोरावळा, आवळा कँडी आणि च्यवनप्राश यांत आवळ्याइतकीच साखर, बरेचदा जास्त. आवळ्याच्या नावाने ती खाऊ नका. मुतखडा होऊन गेला असेल तर हळद फोडणीपुरतीच ठेवा, तिच्यात ऑक्सलेट बरंच असतं.

जांभळाचे दिवस

मे संपता संपता ठाण्यात, नावातच जांभूळ असलेल्या जांभळी नाक्यावर आणि स्टेशनच्या बाहेर जांभळांच्या पाट्या दिसू लागतात. बदलापूरची, पालघरकडच्या बहाडोलीची जांभळं टपोरी. शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्या बायका पानांच्या द्रोणात विकतात ती लहान, जास्त तुरट. औषधी गुणासाठी मला लहानच आवडतात. जिभेला जांभळं करणारा रंग म्हणजे अँथोसायनिन, आणि तुरटपणा टॅनिनचा. टणक, चकचकीत, देठाशी चीक नसलेली घ्या आणि मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून धुवा. १०० ग्रॅम जांभळांत साधारण १४ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणून दहा-बारा पुरे, आणि जांभळाचं सरबत-आइस्क्रीम या हिशेबात धरायचं नाही.

बियांची पूड घरी करायची असेल तर ठाण्याच्या हवेशी सामना आहे. जून उजाडतो आणि काहीच वाळत नाही. बिया धुऊन चिकटलेला गर पूर्ण काढा, दोन दिवस पंख्याखाली सुती कपड्यावर पसरा, वरचं पातळ टरफल सोला आणि आतला हिरवट गर दोन तुकडे करून पुन्हा चार-पाच दिवस वाळवा. दाबल्यावर कटकन तुटला पाहिजे. कुठे पांढुरकी बुरशी दिसली तर सगळा घाणा फेका, बुरशीचं विष भाजून जात नाही. पूड अर्धा चमचा, दिवसातून एकदा किंवा दोनदा, जेवणाआधी. माणसांवरचा पुरावा मेथीपेक्षा इथे कमी आहे. पानांचा चहा तर नकोच: ब्राझीलमध्ये तो मधुमेहींना देऊन नीट चाचणी झाली आणि साखरेत काही फरक पडला नाही.

कारलं आणि दालचिनी, थोडक्यात

कारल्यात कॅरेंटिन हे द्रव्य आणि इन्शुलिनसारखं वागणारं एक छोटं प्रथिन (पॉलिपेप्टाइड) आहे. तरीही उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात चार चाचण्या आणि ४७९ लोक तपासून निष्कर्ष निघाला की कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. थायलंडच्या एका तुलनेत रोज २ ग्रॅम कारल्याच्या कॅप्सूलचा परिणाम १ ग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी भरला. तेव्हा भाजी खा, सालासकट, मीठ लावून पिळून न टाकता. रस हवाच असेल तर ३० मिलिलिटर, नाश्त्यासोबत, आणि वर सांगितलेल्या गोळ्या घेत असाल तर नकोच. पावसाळ्यात करटोली मिळतात, त्यांची परतून भाजी आमच्या घरी कारल्यापेक्षा जास्त चालते. दुधीचा रस घेणाऱ्यांनी आधी दुधीचा तुकडा चाखावा. कडू लागला तर तो रस विषारी असू शकतो, लगेच टाकून द्या. या रसाने माणसं दगावल्यावर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीने हाच इशारा दिला होता.

दालचिनीत फसगत सालीच्या जातीची आहे. किराणा दुकानात मिळते ती बहुधा कॅशिया: जाड, लाकडासारखी, एकच वळण. खरी सिलोनची दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची असते, बोटांनी चुरडते. वाशीच्या मसाला बाजारात मागितली तर दोन्ही शेजारी ठेवून बघा, एकदा पाहिलं की विसरत नाही. कॅशियात कुमरिन असतं आणि ते यकृताला जड जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने घालून दिलेली मर्यादा ६० किलोच्या माणसाला रोज ६ मिलिग्रॅमची आहे. कॅशियाची चमचाभर पूड तेवढ्याला सहज पोचते. मसाल्यात घाला, गरम पाण्यातून रोज चमचा-चमचा पिऊ नका.

चौथी पायरी: बारा आठवडे, आणि मग निकाल

एचबीएवनसी तीन महिन्यांचं चित्र दाखवतं, म्हणून निवडलेल्या वनस्पतीला बारा आठवडे द्या. या काळात गोळ्या, जेवणाच्या वेळा आणि चालणं शक्यतो तसंच ठेवा. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या जेवणानंतर दोन तासांनी मोजा. मी आईसाठी बुधवार आणि रविवार ठरवले होते, आणि त्या दोन्ही दिवशी जेवण तेच असायचं: दोन पोळ्या, उसळ, पालेभाजी, ताक. असं केलं तर आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. बारा आठवड्यांनी तिन्ही रक्ततपासण्या पुन्हा करा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची असेल तर ती वही बघून तेच करतील. आईची ग्लिमेपिराइडची मात्रा नंतर निम्मी झाली ती अशीच, मेथी आणि चालणं यांच्या सहा महिन्यांच्या आकड्यांवरून.

चालण्याबद्दल एवढंच: रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांचा फेरा मारा, आम्ही ठाण्याच्या तलावपाळीला मारतो तसा. आणि ताटात आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ, शेवटी भात-पोळी. जेवणानंतरची साखर या दोन्हीने खाली येते, आणि वनस्पतींच्या कामाला जागा मिळते.

यांच्या वाटेला जाऊ नका

सदाफुली. सकाळी फिरायला येणारे कुंडीतली, बागेतली फुलं तोडून चावताना मी ठाण्याच्या उपवन तलावावर कितीदा पाहिले आहेत. जमैकात लोक मधुमेहावर तिच्या पानांचा चहा घेतात असं कळल्यावर कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. १९५८ मध्ये त्यातून व्हिनब्लास्टिन जगापुढे आलं, जे आजही कर्करोगाच्या केमोथेरपीत वापरतात. ती फुलं रोज चावणं म्हणजे मात्रा न मोजता केमोथेरपीच्या झाडाशी खेळणं आहे. कृपा करून थांबवा.

गुळवेल. करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघरी तिचा काढा झाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तेव्हा सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाल्याचं म्हटलं. वेल ओळखण्यात तज्ज्ञही अडखळतात, मग सोसायटीच्या कुंपणावरून तोडणाऱ्याने काय करावं? यकृताचा किंवा स्वतःच्याच पेशींवर उलटणारा आजार असेल तर लांबच राहा.

गुडमारचं पान चावल्यावर साखर जिभेवर वाळूसारखी लागते, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. बिबळा नावाच्या झाडाच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तपकिरी होतं आणि उजेडात धरलं तर निळसर झाक मारतं. बिबळ्यावर, म्हणजे विजयसारावर, आयसीएमआरने नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांत काम केलं. १९९८ च्या निकालात ६९ टक्क्यांची साखर ताब्यात आली होती. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि दिला होता मोजलेला अर्क, पेल्यातलं पाणी नव्हे. कोकणातली सप्तरंगी पिठूळ पदार्थ पचवणारं विकर (एन्झाइम) अडवते, अकार्बोज नावाच्या गोळीसारखंच. या तिन्हींत दम आहे, म्हणूनच त्या वैद्याच्या हातून, मात्रा ठरवून घ्याव्यात. येऊरच्या जंगलातून साल-मुळं खणून आणणाऱ्यांकडून घेऊ नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काही तोडणं गुन्हा आहे, आणि मुळांसाठी खणलेली सप्तरंगी पुन्हा उगवत नाही.

आणि नाव-पत्ता नसलेली पुडी. पुडी सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत साखर धाडकन उतरली तर आनंद मानू नका, संशय घ्या. एवढ्या वेगाने बहुधा गोळीच काम करते, आणि वनौषधींच्या नावाखाली ग्लिबेनक्लामाइडसारखी औषधं मिसळलेली अनेक देशांच्या नियामकांनी पकडली आहेत. पाकिटावर परवाना क्रमांक, घटकांची मात्रा, बॅच आणि तारीख हवी. "मधुमेह मुळापासून बरा" असं छापलेलं असेल तर तिथेच ठेवून द्या: १९५४ च्या औषधं आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे.

थांबायचं कधी

डोळे किंवा लघवी पिवळी, सतत मळमळ, अंगाला खाज, पायांवर सूज: वनस्पती त्याच दिवशी बंद करा आणि एसजीपीटी, क्रिएटिनिन तपासा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. ताप-उलट्या-जुलाब चालू असताना, आणि उपासाच्या दिवशी, साखर उतरवणारी कोणतीही वनस्पती नको.

हात थरथरणं, दरदरून घाम, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ: लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी खाली असेल तर पुन्हा तेवढीच. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना साध्या साखरेने लवकर फरक पडत नाही, त्यांनी ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर उतरली असेल तर ती काही तासांनी परत घसरू शकते, म्हणून त्या दिवशी माणसाला एकटं सोडू नका, दर दोन तासांनी मोजा.

आई आता ७९ वर्षांची आहे. तिच्या डब्यात मेथीची पूड असते, हंगामात आवळा, जूनमध्ये दहा जांभळं. कारल्याची भाजी मंगळवारी. फ्रिजच्या दारावर गोळ्यांच्या यादीखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: "संकष्टीला सकाळची ग्लिमेपिराइड नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. साबुदाणा नको. राजगिरा, ताक, केळं."